हिदेतोशी नाकाता आणि इंटरनेट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानचा माजी फुटबॉलपटू हिदेतोशी नाकाता याच्याबद्दल मराठीत लिहायला लागल्यापासून तेच ते प्रश्न वेगवेगळ्या माणसांकडून येत राहिले आहेत. कुणी रात्री जुनी क्लिप बघून विचारतं, कुणाच्या मुलाने गेममध्ये नाव वाचलेलं असतं, कुणी जपानी शिकत असतं. सगळ्यांची उत्तरं इथे एका जागी ठेवली आहेत. एकच गोष्ट दोनदा सांगायला लागू नये म्हणून मधे मधे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हा नाकाता नेमका कोण? मी फुटबॉल फारसं बघत नाही.

१९९० च्या दशकाच्या अखेरीपासून २००६ पर्यंत जपानचा सगळ्यात नावाजलेला मिडफिल्डर. जन्म २२ जानेवारी १९७७ चा, यामानाशी प्रांतातल्या कोफू शहरातला. १९९५ मध्ये शाळा संपवून तो बेलमारे हिरात्सुका या व्यावसायिक क्लबात गेला. १९९८ मध्ये इटलीत पेरुजाकडे, मग रोमा, पार्मा, बोलोन्या, फिओरेन्तिना आणि शेवटचा हंगाम इंग्लंडमध्ये बोल्टनकडे. जपानकडून ७७ सामने आणि ११ गोल. १९९८, २००२ आणि २००६ असे तीन विश्वचषक तो खेळला. १९९७ आणि १९९८ अशी लागोपाठ दोन वर्षं तो आशियातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. २००४ मध्ये पेलेने निवडलेल्या हयात महान खेळाडूंच्या यादीत जपानचा हा एकटाच आहे.

वयाच्या २९ व्या वर्षी त्याने खेळ सोडला. त्यानंतरच्या काळात त्याचं नाव विसरलं जायला हवं होतं, तसं झालं नाही. याचं मोठं कारण माझ्या मते असं की, आजचा सोशल मीडिया यायच्या कितीतरी आधी त्याने स्वतःच्या संकेतस्थळावरून लोकांशी सरळ बोलायला सुरुवात केली होती (प्रश्न ५), आणि खेळ सोडल्यावर स्वतःवर खिळलेली लोकांची नजर त्याने हळूहळू दुसऱ्यांकडे वळवली (प्रश्न ११).

२. नाव कसं उच्चारायचं? नाकाटा की नाकाता? आणि काही ठिकाणी आडनाव आधी का असतं?

नाकाता. जपानीत आपल्या 'ट' सारखा उच्चार नाही, 'त' च म्हणायचा. रोमन लिपीतून वाचताना आपण सवयीने 'टा' करतो, एवढंच. हिदेतोशीचं लाडाचं रूप 'हिदे'. जपानी चाहते त्याला याच नावाने हाक मारतात.

आडनाव आधी लिहिण्याची जपानी रीत आपल्याला तरी परकी वाटू नये. शाळेच्या हजेरीपटात मराठी माणसाचं आडनाव पहिलं असतं. त्याचं आडनाव दोन चित्रलिपी-अक्षरांनी लिहितात, 'मध्य' आणि 'भातखाचर'. जपानीतून शोध घ्यायचा असेल तर ही अक्षरं उपयोगी पडतात, पण तिथेच पुढचा घोटाळाही होतो.

३. 'नाकाता' म्हणून शोधलं की दुसरीच माणसं येतात. यातला आपला कोणता?

तीन नावांची सरमिसळ होते. पहिला कोजी नाकाता. आडनाव तेच, अक्षरं तीच, आणि २००२ व २००६ च्या विश्वचषक संघात दोघंही होते. कोजी काशिमा अँटलर्सचा बचावपटू, युरोपात मार्सेय आणि बासेलकडे खेळला. नात्याने दोघं एकमेकांचे कुणी नाहीत. जुन्या सामन्याच्या धावफलकात नुसतं 'नाकाता' असेल तर पुढचं आद्याक्षर बघा.

दुसरा आत्सुहिको नाकाता. हा विनोदी कलाकार, यूट्यूबवर इतिहासापासून अर्थकारणापर्यंतचे विषय समजावून सांगतो आणि जपानमध्ये त्याचा प्रचंड मोठा प्रेक्षकवर्ग आहे. 'नाकाता यूट्यूब' असा शोध घेतला की हाच वर येतो. आपल्या नाकाताचा त्याच्याशी काही संबंध नाही.

तिसरा गोंधळ आडनावाच्या साधर्म्याचा: शुनसुके नाकामुरा, २००६ मध्ये सेल्टिककडून मँचेस्टर युनायटेडविरुद्ध फ्री किकवर गोल करणारा डावखुरा. 'जपानी खेळाडूची फ्री किक' म्हणून फिरणाऱ्या क्लिपा बहुतेक त्याच्या असतात.

४. इतकी वर्षं झाली तरी त्याच्या क्लिपा अजून का फिरतात? कोणत्या बघाव्यात?

चार सांगतो, आणि क्रमाने बघा असं आग्रहाने सांगतो.

पहिली १६ नोव्हेंबर १९९७ ची, मलेशियातल्या जोहोर बाहरूची. जपान विरुद्ध इराण, जिंकेल तो पुढच्या वर्षीच्या विश्वचषकाला जाणार. जपान तोवर एकदाही विश्वचषक खेळलेला नव्हता. जपानने ३-२ असा विजय मिळवला आणि तिन्ही गोलांमागे वीस वर्षांचा नाकाता होता. जादा वेळेतला शेवटचा गोल मासायुकी ओकानोच्या नावावर आहे, पण त्याआधीचा फटका बघा: नाकाता चेंडू घेऊन पुढे येतो, लांबून मारतो, गोलरक्षकाच्या हातून चेंडू सुटतो आणि ओकानो घसरत येऊन तो जाळ्यात ढकलतो.

दुसरी १३ सप्टेंबर १९९८ ची. पेरुजाकडून इटलीतला पहिलाच सामना, समोर गतविजेता युव्हेंटस. मध्यंतराला युव्हेंटस ३-० ने पुढे. दुसऱ्या अर्धात नाकाताने दोन गोल केले. सामना पेरुजा ३-४ असा हरला, पण दुसऱ्या दिवशी इटलीत चर्चा होती ती या पिंगट केसांच्या पोराची. त्या हंगामात त्याने लीगमध्ये १० गोल केले.

तिसरी ६ मे २००१ ची, रोमाची. इथे जरा थांबतो, कारण लोक फक्त गोल बघतात आणि पुढे जातात. विजेतेपदाची शर्यत रोमा आणि युव्हेंटसमध्ये, सामना युव्हेंटसच्या मैदानावर. सुरुवातीच्या काही मिनिटांतच देल पिएरो आणि झिदान यांनी युव्हेंटसला २-० ने पुढे नेलं. दुसऱ्या अर्धात रोमाच्या प्रशिक्षकाने, फाबिओ कापेल्लोने, कर्णधार तोत्तीला बाहेर काढून नाकाताला आत पाठवलं. तोत्ती म्हणजे रोमाच्या लोकांचा गळ्यातला ताईत, त्याला काढणं म्हणजे मोठीच जोखीम. नाकाताने लांबून असा काही फटका मारला की गोलरक्षक व्हान डेर सारचे हात पोचेपर्यंत चेंडू आत. शेवटच्या क्षणांत त्याने पुन्हा तसाच फटका मारला, तो व्हान डेर सारने अडवला पण हातात ठेवता आला नाही, आणि मोंतेल्लाने बरोबरी साधली. हंगाम संपला तेव्हा रोमाचे ७५ गुण होते, युव्हेंटसचे ७३. तो सामना युव्हेंटसने जिंकला असता तर हेच आकडे ७४ आणि ७५ असे उलटे झाले असते. रोमाच्या चाहत्यांनी हा हिशेब आजही सोडलेला नाही, आणि दरवर्षी मे महिना आला की ही क्लिप पुन्हा वर येते.

चौथी २००६ ची, डॉर्टमुंडची. तिच्यासाठी प्रश्न ८ बघा.

५. नाकाता डॉट नेट म्हणजे काय होतं? त्यात एवढं विशेष काय?

१९९८ मध्ये सुरू झालेलं त्याचं स्वतःचं संकेतस्थळ. त्यात 'हिदेज् मेल' नावाचा भाग असे. सामना कसा झाला, काय खाल्लं, काय वाचतोय, कुठे फिरून आलो, हे तो स्वतःच्या शब्दांत लिहायचा आणि जपानमधले चाहते वाचायचे.

आज हे वाचून कुणी म्हणेल, यात काय मोठं, प्रत्येक खेळाडू रोज काहीतरी टाकतच असतो. म्हणून तारखा बघा. फेसबुक २००४ चं, यूट्यूब २००५ चं, ट्विटर २००६ चं. १९९८ मध्ये घरोघरी टेलिफोनच्या तारेवरून मोडेमचा कर्कश आवाज काढत जोडणी व्हायची आणि एक छायाचित्र उघडायला मिनिट जायचं. त्या काळी खेळाडूचं म्हणणं लोकांपर्यंत पोचायचं ते वार्ताहराच्या वहीतून आणि संपादकाच्या कात्रीतून. नाकाताने ती वाटच टाळली. तो पेरुजात बसून लिहायचा आणि टोकियोतली कॉलेजातली मुलगी तेच शब्द जसेच्या तसे वाचायची.

या पत्त्याची आणखी एक आठवण मला फार आवडते. त्याचा जुना क्लब बेलमारे १९९९ मध्ये आर्थिक अडचणीत आला. मुख्य पाठीराखी कंपनी बाहेर पडली, क्लबचं नावही बदलून शोनान बेलमारे झालं. त्यानंतर त्या क्लबच्या जर्सीवर छातीवर झळकलेलं नाव होतं 'नाकाता डॉट नेट'. ज्या क्लबाने अठरा वर्षांच्या पोराला पहिली संधी दिली, त्या क्लबाला पडत्या काळात त्या पोराच्या संकेतस्थळाचा आधार मिळाला.

६. पत्रकारांशी त्याचं बिनसलं होतं म्हणतात, ते खरं का?

खरं आहे. १९९८ च्या सुरुवातीला एका वृत्तपत्रात छापून आलेल्या मुलाखतीत राष्ट्रगीताबद्दल त्याचे काही उद्गार होते. त्यावरून उजव्या गटांनी रान उठवलं आणि एकवीस वर्षांच्या मुलाला त्याचा फार त्रास झाला. त्यानंतर तो जपानी वार्ताहरांशी मोजकंच बोलू लागला, एका वाक्यात उत्तर देऊन निघून जाऊ लागला. घमेंडखोर असा शिक्का बसला तो तेव्हाच.

माझं मत विचाराल तर, त्याचं लेखन वाचलेल्या माणसाला तो घमेंडखोर वाटणार नाही. इटालियन तो मन लावून शिकला होता आणि इटालियन वार्ताहरांना त्यांच्याच भाषेत उत्तरं देतानाच्या चित्रफिती सापडतात. त्यात तो मोकळा दिसतो. त्याला बोलायला नको नव्हतं. आपले शब्द दुसऱ्याने कापू नयेत, एवढंच त्याला हवं होतं.

७. निवृत्ती त्याने खरंच संकेतस्थळावर जाहीर केली? पत्रकार परिषद वगैरे काही नाही?

काही नाही. ३ जुलै २००६ रोजी नाकाता डॉट नेटवर एक लांब पत्र आलं आणि जगाला कळलं. ट्विटर सर्वांसाठी खुलं व्हायला अजून बारा दिवस होते.

आयुष्य म्हणजे प्रवास आणि प्रवास म्हणजे आयुष्य, अशा अर्थाचं त्या पत्राचं शीर्षक होतं. सुरुवात होते ती आठव्या वर्षीच्या हिवाळ्यापासून, यामानाशीतल्या एका छोट्या प्राथमिक शाळेच्या मैदानाच्या कोपऱ्यातून. तिथून निघालेल्या फुटबॉल नावाच्या प्रवासाला सुमारे वीस वर्षं झाली, असं तो सांगतो. विश्वचषकानंतर थांबायचं हे साधारण सहा महिन्यांपूर्वीच ठरवलं होतं, असंही त्यात आहे. म्हणजे जर्मनीतला प्रत्येक सामना तो शेवटचा म्हणून खेळत होता आणि बघणाऱ्या कुणालाच त्याची कल्पना नव्हती.

८. मैदानाच्या मध्यभागी एक जपानी खेळाडू आडवा पडलेला आहे, तो व्हिडिओ कसला?

२२ जून २००६, डॉर्टमुंड. जपान ब्राझीलकडून ४-१ ने हरून विश्वचषकातून बाहेर पडला. शिट्टी वाजली, हस्तांदोलनं झाली, ब्राझीलचे खेळाडू आत गेले, जपानचेही गेले. नाकाता मधल्या वर्तुळात पाठीवर पडला. जर्सी तोंडावर ओढलेली, छाती वरखाली होते आहे. स्टेडियम रिकामं होत चाललंय, कर्मचारी कामाला लागलेत, कॅमेरा मात्र त्याच्यावरून हलत नाही. कितीतरी मिनिटं तो तसाच होता.

तेव्हा लोकांना वाटलं, पराभव जिव्हारी लागला. अकरा दिवसांनी पत्र आलं आणि त्या दृश्याचा अर्थच बदलला. हा व्हिडिओ आजही शेअर होतो तो या बदललेल्या अर्थासकट. तो बघायचा तर आधी प्रश्न ७ मधलं पत्र वाचा, मग बघा.

९. पण २९ व्या वर्षीच का? दुखापत झाली होती का?

२००४ च्या आसपास जांघेच्या दुखण्याने त्याला बराच काळ छळलं, हे खरं. निवृत्तीचं कारण म्हणून मात्र त्याने ते पुढे केलं नाही. पुढे काही वर्षांनी मुलाखतींत तो म्हणाला की फुटबॉल हा नुसता मोठा धंदा होत चालल्याचं त्याला जाणवत होतं आणि खेळण्यातली मजा हरवली होती. 'दुखापतीमुळे कारकीर्द संपली' असं लिहिलेल्या पोस्टी चुकीच्या आहेत.

१०. त्याच्या कपड्यांचे जुने फोटो एवढे लाइक का मिळवतात?

इटलीत असताना तो फॅशन शोंना पहिल्या रांगेत दिसायचा. विमानतळावर उतरताना काय घातलंय यावर जपानी मासिकं पानंच्या पानं लिहायची. आज खेळाडू स्टेडियमच्या बोगद्यातून आत येताना फोटोग्राफर कपडे टिपतात, ती सगळी तऱ्हा तो वीस-पंचवीस वर्षांपूर्वी जगत होता. शिवाय २००० च्या दशकाची फॅशन परत आली आहे, त्यामुळे नव्या पिढीला ते फोटो कालचे वाटतात. २००२ मध्ये एका बूट कंपनीच्या गाजलेल्या जाहिरातीत तोत्ती आणि आँरीच्या जोडीला तिसरा नाकाता होता, तिचे तुकडेही याच ओघात येतात.

११. सध्या तो काय करतो? साकेशी त्याचा काय संबंध?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याचं उत्तर लांब आहे.

खेळ सोडल्यावर तो जगभर फिरला. जिथे जाईल तिथे लोक जपानबद्दल विचारायचे, आणि आपल्याच देशाबद्दल आपल्याला फार थोडं सांगता येतं, हे त्याच्या लक्षात आलं. म्हणून २००९ मध्ये त्याने ओकिनावापासून सुरुवात केली आणि जपानचे सगळेच्या सगळे ४७ प्रांत पालथे घातले. दक्षिणेकडून उत्तरेकडे, होक्काइदोपर्यंत, साडेसहा वर्षं. कुंभार, कागद करणारे, बांबूचं विणणारे, लाखेचं काम करणारे, शेतकरी, आणि भातापासून साके नावाची दारू बनवणाऱ्या भट्ट्या. शेकडो भट्ट्यांत तो जाऊन आला.

साकेची अवस्था तेव्हा काय होती ते सांगायला हवं. जपानमधला साकेचा खप १९७३ मध्ये शिखरावर होता, तिथून तो उतरत राहिला आणि एक तृतीयांशाच्याही खाली आला. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या भट्ट्या बंद पडत होत्या. परदेशात मागणी वाढण्याची शक्यता होती, पण बाटलीवरचं लेबल पूर्ण जपानीत, तेही ब्रशने लिहिलेल्या वळणदार अक्षरांत. पॅरिसमधल्या माणसाला साके आवडली तरी नाव वाचता येत नाही, मग पुढच्या वेळी मागणार काय? नाकाताने या अडचणीवर बोट ठेवलं. २०१५ मध्ये त्याने साकेसाठी कंपनी काढली, पुढच्या वर्षी 'साकेनोमी' नावाचं ॲप आणलं. फोनचा कॅमेरा लेबलवर धरायचा, भट्टी कोणती, चव कशी, सोबत काय खावं, हे वाचायला मिळतं. त्याच वर्षी टोकियोतल्या रोप्पोंगी हिल्समध्ये त्याने 'क्राफ्ट साके वीक' सुरू केला. दररोज वेगळ्या भट्ट्या येतात आणि बनवणारा माणूस स्वतः पुढ्यात उभा राहून ओततो.

इथे मला तो नाकाता डॉट नेटचाच नाकाता दिसतो. तेव्हा खेळाडू आणि चाहता यांच्यातला मधला माणूस त्याने काढून टाकला. आता कारागीर आणि गिऱ्हाईक यांच्यातली न वाचता येणारी अक्षरं तो दूर करतो आहे. 'निहोनमोनो' या त्याच्या संकेतस्थळावर गेलात तर त्याचे स्वतःचे फोटो शोधावे लागतात. पान उघडलं की समोर येतात ते चहा पिकवणारे, सुऱ्या घडवणारे, मिसो (सोयाबीन आंबवून केलेला लगदा) करणारे.

पारंपरिक पद्धतीने साके बनवण्याची विद्या डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली. त्याचं श्रेय हजारो भट्टीवाल्यांचं आहे, पण तोवर परदेशी लोकांच्या कानावर हा शब्द पोचवणाऱ्यांत नाकाता होता.

१२. खेळाडूने दारूचा प्रचार करावा का? आमच्या घरी याला कुणी आदर्श म्हणणार नाही.

हा प्रश्न मनापासून विचारला जातो, म्हणून मनापासून उत्तर देतो. तुम्हाला दारू नको असेल तर त्याचं साकेचं काम बाजूला ठेवा, काही बिघडत नाही. जपानमध्ये मात्र साके देवळात देवापुढे ठेवतात, लग्नात नवरा-नवरी एकाच पेल्यातून घोट घेतात, त्यामुळे तिथल्या लोकांना हे काम शेती आणि कारागिरी टिकवण्याचं वाटतं. आणि त्याचं काम तिथेच थांबत नाही. मातीची भांडी, 'वाशी' कागद, बांबू, लाख अशा वस्तूंसाठी जुने कारागीर आणि नवे कलावंत यांच्या जोड्या लावून त्याने वस्तू घडवून घेतल्या. मुलांना सांगायचं तर ते सांगा.

१३. माझा मुलगा त्याला गेममधून ओळखतो. त्याने नाकाताला खेळताना कधी पाहिलेलंही नाही!

फिफा मालिकेच्या (२०२३ पासून 'ईए स्पोर्ट्स एफसी') गेममध्ये तो 'आयकॉन' म्हणून आला, म्हणजे जुन्या महान खेळाडूंच्या पंगतीत. २००६ नंतर जन्मलेली मुलं त्याला तिथेच पहिल्यांदा भेटतात, मग क्लिपा शोधतात. मुलाला प्रश्न ४ मधली तिसरी क्लिप दाखवा.

१४. सेरी आमध्ये, म्हणजे इटलीच्या अव्वल लीगमध्ये, खेळलेला तो पहिला जपानी, असं सगळीकडे वाचतो. बरोबर?

चूक. पहिला काझुयोशी मिउरा, जेनोआकडून १९९४-९५ च्या हंगामात. त्याहीआधी यासुहिको ओकुदेरा १९७७ मध्ये जर्मनीत कोलोनकडे गेला आणि तिथे लीग जिंकला. नाकाता इटलीचं लीग विजेतेपद मिळवणारा पहिला जपानी आहे. 'पहिला खेळलेला' आणि 'पहिला जिंकलेला' यात फरक आहे, आणि पोस्टी शेअर करणारे तो पाळत नाहीत.

१५. पन्नाशी उलटून गेली तरी खेळणारा जपानी म्हातारा हाच का?

तो वर सांगितलेला मिउरा, जन्म २६ फेब्रुवारी १९६७. नाकातापेक्षा दहा वर्षांनी मोठा. एकाने २९ व्या वर्षी बूट काढले, दुसऱ्याने पन्नाशीनंतरही काढले नाहीत. दोघांची तुलना करून एकाला कमी ठरवणाऱ्या पोस्टी येतात, त्या मला पटत नाहीत.

१६. २००१ च्या त्या सामन्यात तो नियम बदलल्यामुळेच खेळू शकला, हे खरं की युव्हेंटसवाल्यांची तक्रार?

दोन्ही. युरोपियन युनियनबाहेरचे तीनच खेळाडू एका सामन्यात खेळवायचे, अशी मर्यादा तोवर इटलीत होती. रोमाकडे ब्राझील आणि अर्जेंटिनाचे खेळाडू भरपूर, त्यामुळे नाकाता बहुतेक वेळा बाहेर बसायचा. ही मर्यादा हंगाम चालू असताना, सामन्याच्या अगदी तोंडावर, मे २००१ मध्ये उठली. युव्हेंटसच्या बाजूने आरडाओरडा झाला तो म्हणूनच. नियम सगळ्या क्लबांना सारखाच लागू झाला, पण वेळ चुकीची होती हे त्यांचं म्हणणं मी फेटाळणार नाही. फटका मात्र नियमाने मारला नाही, तो नाकातानेच मारला.

१७. एशियन कप त्याने किती वेळा जिंकला?

एकदाही नाही, आणि गंमत म्हणजे तो त्या स्पर्धेत कधी खेळलाच नाही. जपानने २००० आणि २००४ मध्ये एशियन कप जिंकला, दोन्ही वेळी तो संघात नव्हता. त्याच्या नावापुढे 'एशियन कप विजेता' लिहिलेलं दिसलं तर ते काढायला सांगा. असाच आणखी एक अपवाद: २००१ च्या कॉन्फेडरेशन्स कपच्या उपांत्य फेरीत योकोहामाच्या धो धो पावसात त्याच्या फ्री किकने ऑस्ट्रेलियाला हरवलं, पण अंतिम सामन्याला तो नव्हता. रोमाचं विजेतेपद ठरायचं होतं, म्हणून तो इटलीला परत गेला होता.

१८. पुण्यात खेळायचा तो जपानी खेळाडू हाच का?

नाही. तुम्हाला आठवतो तो अराता इझुमी. जन्म जपानमधल्या शिमोनोसेकीचा, वडील भारतीय, आई जपानी. मुंबईच्या महिंद्रा युनायटेडकडून आणि नंतर पुणे एफसीकडून तो खेळला. २०१२ मध्ये जपानी नागरिकत्व सोडून त्याने भारतीय नागरिकत्व घेतलं आणि २०१३ मध्ये भारताची जर्सी घातली. त्याच्यावर खरं तर वेगळं पान व्हायला हवं.

१९. त्याच्या नावाने फिरणारी सुविचारांची वाक्यं खरी असतात का?

बरीचशी नसतात. माझी कसोटी सोपी आहे. वाक्याखाली तारीख आणि ते कुठे म्हटलं याचा उल्लेख नसेल तर मी पुढे पाठवत नाही. प्रवासाबद्दलचं एखादं वाक्य असेल तर ते बहुतेक वेळा प्रश्न ७ मधल्या पत्राच्या शीर्षकाचं वाकवलेलं रूप असतं. त्याच्या नावाच्या खात्यांनाही हीच कसोटी लावा. निहोनमोनोच्या पानावरून जिथे दुवा जातो तेच खाते धरा, पैसे मागणारं किंवा जर्सी विकणारं खाते सरळ सोडून द्या.

२०. मला जपानी येत नाही. ती जुनी पानं वाचायची कशी?

जुन्या संकेतस्थळांच्या प्रती साठवणाऱ्या वेब आर्काइव्हमध्ये नाकाता डॉट नेटचा पत्ता टाका आणि वर्ष निवडा. सगळी पानं पूर्ण नसतात, चित्रं बऱ्याचदा गायब असतात, मजकूर मात्र मिळतो. यंत्राचं भाषांतर वापरायचं तर आधी इंग्रजीत करा, मग मराठीत, आणि सर्वनामाकडे लक्ष ठेवा. निरोपाच्या पत्रात नाकाता स्वतःसाठी 'ओरे' हा शब्द वापरतो. जपानीत 'मी' साठी बरेच शब्द आहेत, त्यातला हा पुरुष मित्रांमध्ये, जवळच्या माणसांशी बोलताना वापरतात. औपचारिक निवेदनात तो कुणी घालत नाही. यंत्र त्याचं नुसतं 'मी' करतं आणि तो आपुलकीचा सूर तिथेच गळून पडतो.

पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची संख्या मोठी आहे, ओळखीत कुणी ना कुणी सापडेलच. त्यांना पत्राचा पहिला परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. आठ वर्षांचा मुलगा, थंडी, शाळेच्या मैदानाचा कोपरा आणि एक चेंडू, एवढंच आहे त्यात. अर्थ नंतर विचारा, आधी ऐका.